नाणी घासू नका! – जुन्या नाण्यांची हाताळणी आणि दर्जा



'इतिहासाची साधने' शिकवताना आपण मुलांना सहज सांगतो, "घरात जुनी नाणी असतील तर उद्या घेऊन या." मीही सांगितलं होतं. वर पुस्ती जोडली, "जरा स्वच्छ करून आणा रे, प्रदर्शनात मांडायची आहेत."

दुसऱ्या दिवशी एका मुलाने एडवर्ड राजाचा १९०७ सालचा चांदीचा रुपया आणला. चिंच-मीठ लावून, तारेच्या घासणीने घासलेला. नाणं लखलखत होतं, पण राजाच्या केसांच्या रेघा पुसट झालेल्या आणि सगळीकडे बारीक ओरखडे. पणजोबांची आठवण म्हणून घरात जपलेलं नाणं होतं ते. चूक मुलाची नव्हती, माझ्या सूचनेची होती. म्हणून हा पाठ.

घासल्याने नेमकं काय होतं?

तांब्याच्या नाण्यावरचा तपकिरी थर किंवा चांदीवरचा काळसरपणा म्हणजे मळ नव्हे. हवेशी आणि गंधकाशी धातूची हळूहळू अभिक्रिया होऊन तो थर तयार होतो. चिंच-लिंबातलं आम्ल हा थर विरघळवतं. घासणी आणि राख तर धातूच खरवडतात. टाकसाळीत ठसा उमटताना पृष्ठभागावर आलेली मूळ झळाळी एकदा गेली की पुन्हा येत नाही. नाणं चमकतं, पण मूल्य उतरतं.

हाताळण्याचे साधे नियम

१. हात धुऊन, कोरडे करून नाणं कडेने धरा. दोन्ही बाजूंना बोट लावू नका. घामातल्या मिठाचे आणि तेलाचे ठसे कालांतराने डाग बनतात.
२. टेबलावर मऊ कापड अंथरून त्यावरच नाणं बघा. फरशीवर पडलं की कड चेपते.
३. नाण्यावर तोंड धरून बोलू नका, थुंकीचे शिंतोडे उडतात.
४. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात नाणी ठेवू नका. त्यातून सुटणाऱ्या रसायनांमुळे नाण्यावर हिरवा, चिकट थर येतो. मायलरची पाकिटं किंवा कडक प्लॅस्टिकच्या डब्या वापरा.
५. चांदीच्या नाण्यांना रबर बँड लावू नका. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते.
६. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका.

पालकांसाठी खास: लक्ष्मीपूजनाची नाणी आपण दरवर्षी घासतो. परंपरा जरूर पाळा, पण जुनं, दुर्मीळ नाणं वेगळं ठेवा आणि पूजेला दुसरं घ्या.

दर्जा कसा ठरतो?

१९४९ मध्ये विल्यम शेल्डन यांनी अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. आज तीच पद्धत थोड्या बदलांनी जगभर चालते. १ म्हणजे जेमतेम ओळखू येणारं नाणं. ६० पासून पुढे न वापरलेली नाणी आणि ७० म्हणजे भिंगाखालीही निर्दोष. आपल्याकडचे नाणेविक्रेते 'फाईन', 'व्हेरी फाईन', 'एक्स्ट्रा फाईन', 'यूएनसी' असे शब्द वापरतात. त्याच्या मुळाशीही झीज किती, हाच प्रश्न असतो.

अमेरिकेत १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या संस्था सुरू झाल्या. तिथले तज्ज्ञ नाणं खरं की बनावट हे तपासतात, झीज, झळाळी, ओरखडे पाहून अंक देतात आणि नाणं प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत घालून परत करतात. मात्र घासलेल्या नाण्याला सहसा अंक मिळत नाही, 'डिटेल्स' एवढाच शेरा मिळतो. म्हणजे नाणं खरं, पण बिघडवलेलं. आमच्या वर्गातल्या रुपयाची गत हीच.

प्रत्येक नाणं पाठवायची गरज नसते. शुल्क आणि टपालखर्च नाण्याच्या किमतीपेक्षा जास्त होत असेल तर घरीच नीट जपणं शहाणपणाचं.

वर्गात करून पाहा

• ब्रिटिशकालीन चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. नाजूक काट्यावर तोलून बघा. वजनात मोठा फरक असेल तर शंका घ्या.
• कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक जवळ न्या. चांदी चिकटत नाही, पण १९४७ चा निकेलचा रुपया चिकटतो. का, ते मुलांना शोधू द्या.
• चलनातली दहा नाणी झिजेनुसार क्रमाने लावायला सांगा. आधी कोणता भाग झिजतो? उंच उठावाचा! दर्जा ठरवणारे तज्ज्ञही आधी तिथेच बघतात.

सावधान!

'जुनं नाणं द्या, लाखो मिळवा' अशा जाहिरातींना भुलू नका. रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं त्या बँकेनेच २०२१ मध्ये जाहीर केलं आहे. शेतात, पायाभरणीत जुनी नाणी सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनी नाणी परवानगीशिवाय परदेशी पाठवता येत नाहीत.

नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे आणि मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय आहे. सहलीच्या यादीत ही नावं जरूर घाला.

त्या मुलाच्या घरी जाऊन मी माफी मागितली. आजी म्हणाली, "असू दे गुरुजी, नाणं आहे ना अजून." आता मी वर्गात सूचना बदलली आहे: "नाणी आणा, पण आहेत तशीच आणा."