इंग्रजी कालदर्शक शब्दयोगी अव्ययांचे अध्यापन

महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिलीपासून शिकविला जातो. तरीही वरच्या इयत्तांतील अनेक विद्यार्थी ‘ॲट’, ‘ऑन’ आणि ‘इन’ यांची निवड करताना अडखळतात. याचे मूळ मातृभाषेच्या सवयीत आहे. ‘सोमवारी’, ‘सकाळी’ व ‘रात्री’ या तिन्ही शब्दांत सप्तमीचा ‘ई’ हा एकच प्रत्यय आहे. इंग्रजीत मात्र ‘ऑन मंडे’, ‘इन द मॉर्निंग’ व ‘ॲट नाइट’ अशी तीन निराळी रूपे होतात. म्हणून प्रत्ययाचे भाषांतर न शिकविता काळाचे माप ओळखावयास शिकवावे.

त्यासाठी मुलांच्या परिचयाची एकच घटना घ्यावी. भारत स्वतंत्र झाला ते वर्ष सांगताना ‘इन १९४७’ व महिना सांगताना ‘इन ऑगस्ट’ असे म्हणावे. दिवस सांगताना ‘ऑन द फिफ्टीन्थ ऑफ ऑगस्ट’ व मध्यरात्रीचा क्षण सांगताना ‘ॲट मिडनाइट’ असे म्हणावे. यावरून विस्तृत काळास ‘इन’, ठराविक दिवसास ‘ऑन’ आणि घड्याळातील क्षणास ‘ॲट’, हा नियम मुलेच सांगतील. महिन्यास तारीख जोडताच ‘इन’ जाऊन ‘ऑन’ येते; तसेच सकाळीस वार जोडताच ‘ऑन मंडे मॉर्निंग’ होते. ‘ॲट नाइट’ हे रूप रूढीने आलेले असल्याने ते पाठ करवून घ्यावे. ‘नेक्स्ट मंडे’, ‘लास्ट इयर’ अशा प्रयोगांत यांपैकी एकही अव्यय लागत नाही.

‘पर्यंत’ या शब्दाकडे विशेष लक्ष पुरवावे. ‘शाळा शुक्रवारपर्यंत बंद राहील’ येथे स्थिती चालू राहते, म्हणून ‘टिल फ्रायडे’. ‘अर्ज शुक्रवारपर्यंत द्यावा’ येथे काम मुदतीच्या आत पुरे व्हावयाचे असते, म्हणून ‘बाय फ्रायडे’. हा भेद व्यवहारात महत्त्वाचा आहे. ‘बाय फ्रायडे’ म्हणजे केवळ शुक्रवारीच, असे समजणारा उमेदवार आधीचे दिवस वाया घालवील. त्या दिवशी एखादा दाखला कमी पडल्यास त्याला पुन्हा येण्यास अवकाश उरणार नाही.

पाठाच्या शेवटी फळ्यावर तीन रकाने आखावेत. प्रार्थनेची वेळ, गावच्या बाजाराचा वार, पेरणीचा महिना मुलांकडूनच विचारून घ्यावा व प्रत्येक मुलाकडून त्याचे पूर्ण इंग्रजी वाक्य वदवून घ्यावे. स्वतःच्या दिनक्रमातून शिकलेला नियम मुलांच्या ध्यानात राहतो.