आधी पाइप बघा, मग इंजेक्टर

जॉब कार्डवर फक्त दोन शब्द होते: ‘पिकअप कमी’. मी सांगितलं होतं ते असं. खंबाटकीच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की गाडी ओढत नाही, मागे काळा धूर निघतो आणि बॉनेटखालून हवा सुटल्याचा ‘सूंऽऽ’ आवाज येतो. सिग्नलला उभी असली की थरथर स्टिअरिंगपर्यंत जाणवते. सर्व्हिस ॲडव्हायझरने मान डोलावली आणि त्यातलं एकच लिहून घेतलं. आवाजाचा उल्लेख नाही, धुराचा नाही. आतल्या मेकॅनिकला जॉब कार्ड दिसतं, गिऱ्हाईक दिसत नाही. म्हणून माझा पहिला सल्ला हाच, की तक्रार आपल्या शब्दांत लिहून घेतल्याशिवाय कार्डावर सही करू नका.

पहिल्या खेपेला इंजेक्टर क्लीनिंग आणि डीकार्बनायझिंगच्या नावाखाली बिल लावलं. गाडी होती तशीच. परत नेली तर ॲडव्हायझर म्हणाला, “साहेब, डिझेल गाडी आहे. लाखाच्या वर चालली की इंजेक्टर जातातच. चारही बदलू.” एस्टिमेट साठ हजारांच्या घरात. लीक-ऑफ टेस्ट केली का, असं विचारलं. “मशीन दाखवतंय ना,” हे उत्तर. मशीन काय दाखवतंय त्याची प्रिंट मागितली, तर टाळाटाळ. वर मलाच ऐकवलं, की घाटात मी उशिरा गिअर पाडतो. तीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला!

प्रिंट घेतल्याशिवाय मी तिथून हललो नाही, आणि तिथेच सगळा उलगडा झाला. कागदावर एकच कोड होता, पी०२९९. म्हणजे टर्बोकडून जेवढा बूस्ट हवा तेवढा मिळत नाही. इंजेक्टरचा त्यात उल्लेखही नव्हता. ज्या कागदाच्या जोरावर हा माणूस माझ्याकडून साठ हजार काढायला निघाला होता, तो कागद त्याने स्वतः वाचलेलाच नव्हता. अजून आठवलं की डोकं तापतं.

गाडी तिथून काढली आणि सातारा रोडच्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी आधी मला शेजारी बसवून चढावर चक्कर मारली, आवाज ऐकला आणि परत आल्यावर काही न बोलता इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी पाइपाखालून हात फिरवला. बोटांना काळं, तेलकट लागलं. टर्बोतून हवेबरोबर थोडी तेलाची वाफ जातच असते, त्यामुळे पाइप बाहेरून ओला दिसला की तिथून हवा सुटतेय असं समजायचं. मग त्यांनी पाइप वाकवला. खालच्या बाजूची चीर माशाच्या तोंडासारखी उघडली. हात सोडला, मिटली.

हे मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण खरी मेख इथेच आहे. गाडी आयडलिंगला उभी असताना पाइपात दाब नसतो, म्हणून चीर मिटलेली राहते आणि वर्कशॉपमध्ये काहीच सापडत नाही. लोड आला की ती उघडते. हवा मोजणारा सेन्सर पाइपाच्या आधी, एअर फिल्टरजवळ बसवलेला असतो. तो मोजेल तेवढ्या हवेच्या हिशेबाने डिझेल पडतं, पण हवा वाटेतच गळालेली असते. म्हणून काळा धूर. त्याच काजळीने माझा ईजीआर व्हॉल्व्ह चिकटून अर्धवट उघडा राहिला होता, आणि आयडलिंगची थरथर त्यामुळे होती. मिस्त्रींनी व्हॉल्व्ह काढून साफ केला, पाइप आणि क्लॅम्प बदलले. साठ हजारांचं दुखणं काही हजारांत मिटलं. जुने इंजेक्टर आजही गाडीत आहेत.

तेव्हा पिकअप गेला तर क्रम असा ठेवा. एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर आधी, ते स्वस्त असतात. पंपावर टाकी भरल्यावर लगेच त्रास सुरू झाला असेल तर फिल्टरमधलं पाणी काढून बघा. पंपावर डिझेलची घनता तपासून मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे आणि तिथून इंजिनपर्यंतचे सगळे पाइप हाताने चाचपा. शंका राहिली तर हलक्या दाबाने हवा भरून साबणाचं पाणी लावायला सांगा, बुडबुडे येतात. ॲक्चुएटरची बारीक नळी विसरू नका. त्यानंतर ईजीआर. स्कॅनर लावलाच तर गाडी रस्त्यावर चढाला काढून मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट शेजारी शेजारी बघायला लावा. उभ्या गाडीवरचे आकडे या दुखण्यात कामाचे नाहीत.

इंजेक्टरचा नंबर शेवटी. तोही लीक-ऑफ टेस्ट डोळ्यांसमोर झाल्यावरच. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार बाटल्यांत सोडतात आणि इंजिन काही मिनिटं चालवतात. एखाद्या बाटलीत बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त डिझेल साठलं तर तो इंजेक्टर संशयित. चारही एकदम बदला म्हणणाऱ्याला आधी त्या बाटल्या दाखवायला सांगा. बदललेला भाग परत मागा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ गाडीत डीपीएफचा दिवा लागला असेल तर मात्र ते प्रकरण वेगळं. आधी गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर सलग चालवून बघा. बाकी सर्व्हिस वेळेवर करा, ऑइल चांगलं वापरा, हे सगळ्यांना ठाऊक आहेच.

सर्व्हिस सेंटरला मी प्रिंट आणि फाटक्या पाइपाचा फोटो जोडून लेखी तक्रार पाठवली. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ एवढंच उत्तर आलं. निरुपयोगी क्लीनिंगचे पैसे मला परत हवे आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर फिरवला आहे, आणि तिथे काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. ते दोन शब्दांचं जॉब कार्ड पहिला पुरावा म्हणून जोडायला काढून ठेवलं आहे.