घरातील फायटर माशाचा आहार

शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ सोडणाऱ्या शेतकरी बंधूंना भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड हे खाद्य परिचयाचे आहे. मुलांच्या हट्टापायी छत्रपती संभाजीनगरहून पिशोरला आणलेल्या फायटर माशालाही मग तेच, नाहीतर भाताची शिते, पोळीचा चुरा किंवा बिस्किट घातले जाते. हा मासा उपासमारीने क्वचितच मरतो. नको ते आणि नको तितके खाऊन मात्र मरतो.

फायटर मूळचा थायलंड व शेजारच्या प्रदेशातील भातखाचरांत व उथळ दलदलीत राहणारा. थायलंडने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर घोषित केले. त्याचे तोंड वर वळलेले असते, कारण तो डासांच्या अळ्या, पाण्यात पडलेले बारीक कीटक व पाणपिसवा पृष्ठभागावरून टिपतो. म्हणजे हा मांसाहारी मासा आहे. पिष्टमय अन्न त्याला नीट पचत नाही, पोट फुगते आणि उरलेले पाण्यात कुजते. तो पृष्ठभागावर येऊन हवाही घेत असल्याने कमी प्राणवायूच्या पाण्यात तग धरतो. तरीही त्याला छोट्या बरणीत कोंडू नये. किमान १५ लिटर पाणी द्यावे.

दुकानातील तरंगणारे दाणेदार खाद्य घ्यायचे असल्यास त्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असावीत आणि डब्यावरील घटकांच्या यादीत गव्हाच्या पिठाऐवजी मासळीचे नाव प्रथम असावे. माशाचे पोट त्याच्या डोळ्याएवढेच आहे असे समजून सकाळी दोन-तीन व सायंकाळी दोन-तीन बारीक दाणे टाकावेत. आठवड्यातून एक दिवस काहीही देऊ नये. डबा लहानच घ्यावा. ओल लागलेले खाद्य बुरशी धरते, आणि बुरशीचा मका आपण कोंबड्यांनाही घालत नाही.

ताजे खाद्य तर घराच्या आवारातच मिळते. रांजण, टाके, जनावरांचा हौद यांत वळवळणाऱ्या डासांच्या अळ्या हे या माशाचे नैसर्गिक अन्न. चहाच्या गाळणीने गाळून, स्वच्छ पाण्यात धुऊन एका वेळी चार-पाच अळ्या द्याव्यात. परंतु येथे तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

अळ्या मिळाव्यात म्हणून भांडे मुद्दाम भरून ठेवू नये. आठ-दहा दिवसांत अळीचा डास होतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यातील डास डेंग्यू पसरवतो. भांडी आठवड्यातून एकदा कोरडी करावीतच, उरलेल्या अळ्या कोरड्या मातीवर ओताव्यात. आरोग्य कर्मचाऱ्यांनी अळीनाशक टाकलेल्या पाण्यातील अळ्या माशाला देऊ नयेत. आणि शेताकडेच्या चरातील किंवा फवारणी पंप धुतल्या जागेजवळच्या अळ्या तर मुळीच नकोत. सायपरमेथ्रीन, लॅम्डा सायहॅलोथ्रीन यांसारखी कपाशीवर फवारली जाणारी औषधे माशांना अत्यंत विषारी आहेत. फवारणी करून आल्यावर साबणाने हात धुऊन, भरपूर पाण्याने साबण काढल्याशिवाय माशाच्या पाण्यात हात घालू नये. खाद्य अगदी उत्तम असले तरी एवढ्या चुकीने मासा जातो.

गटारातील लाल बारीक गांडुळांचा पुंजका मासा आवडीने खातो, पण त्याबरोबर रोगजंतू येतात. तो टाळलेला बरा.

टाकलेले खाद्य दहा मिनिटांत संपले नाही तर काढून घ्यावे. कुजलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, कल्ले पोळतात. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाचे पाणी क्लोरीन उडून जाण्यासाठी एक दिवस उघडे ठेवावे. पोट फुगून मासा तळाशी बसला किंवा तिरका तरंगू लागला तर दोन दिवस खाद्य पूर्ण बंद ठेवावे, नंतर मिळाल्यास पाणपिसवा द्याव्यात.

हा मासा २४ ते २८ अंश सेल्सिअस पाण्यात चांगला खातो. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री पाणी गार पडते व पचन मंदावते. तेव्हा ऊन पडल्यावर एकदाच आणि निम्मेच खाद्य द्यावे.

लग्नकार्यासाठी तीन-चार दिवस गावाला जायचे असेल तर धडधाकट मासा तेवढे दिवस खाद्याविना सहज राहतो. शेजाऱ्यांकडे खाद्याचा डबा देऊन जाऊ नये. प्रेमापोटी ते मूठभर टाकतात.