हेरवाडचा ठराव आणि बारावीनंतरचा अर्ज

बारावीचा निकाल लागला की जयसिंगपुरात घरोघरी एकच घोर. ‘नीट’ला मार्क कमी पडले, आता रिपीट करायचं की खासगी कॉलेजात लाखो रुपये भरायचे? अशात मुलीने इतिहासाचं नाव काढलं की वडील विचारतात, ‘‘बी.ए. करून खाणार काय?’’ डॉक्टर, इंजिनिअर, सीए हे रस्ते सगळ्यांना पाठ आहेत. पण जिचं मन तिथे नाही, तिला दोन-दोन वर्षं क्लासच्या बाकावर डांबणं हा सरळसरळ अन्याय आहे.

इतिहासात मन असलेल्या मुलीसाठी अभ्यासाचा विषय तर दाराशीच आहे. जयसिंगपूरच्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये, राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीच्या वेळी, ठराव केला : नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं आवाहन केलं. बातमी छापून आली आणि विरली. पण बांगड्या फोडण्याला शास्त्राचा आधार किती, रूढीचा किती? जैन, लिंगायत, मराठा घरांत या चालीरीती कुठे वेगळ्या होतात? ठरावानंतर हळदी-कुंकवाला विधवा जावेला बोलावलं का? हे शोधायला लिंगभावाचा इतिहास आणि धर्माचा अभ्यास एकत्रच लागतो.

शेजारच्या सांगलीत डॉ. तारा भवाळकरांनी लोकसाहित्यातून बाईचा आतला आवाज धुंडाळण्यात आयुष्य घातलं. २०२५ च्या दिल्लीतल्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. अमेरिकेतल्या अ‍ॅन फेल्डहाउस यांनी महाराष्ट्रातल्या नद्या आणि त्यांचं बाईपण यावर १९९५ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. नरसोबाच्या वाडीला आजी कृष्णेची ओटी भरताना जी पोर खण-नारळ धरून घाटावर उभी राहिली, तिच्या तर हे सारं अंगवळणी पडलेलं.

हा अभ्यास करायचा तर शिवाजी विद्यापीठात इतिहास किंवा समाजशास्त्र घ्यावं. पुणे विद्यापीठात १९८७ पासून स्त्री अभ्यास केंद्र आहे. यूजीसी-नेटला स्त्री अभ्यास आणि धर्मांचा तुलनात्मक अभ्यास असे दोन स्वतंत्र विषय आहेत. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये. सोबत जुने कागद वाचायला मोडी लिपी शिकावी, आणि घरात कन्नड बोलत असतील तर ती लिहा-वाचायलाही यावी.

मात्र कायम प्राध्यापकीची हमी कुणी देत असेल, तर ती खोटी. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं राबणारे नेट-सेटधारक गावोगाव आहेत. म्हणून संशोधन प्रकल्प, पत्रकारिता, सामाजिक संस्था ही दारंही पहिल्या वर्षापासून ठोठावत राहायला हवीत.

अर्ज भरण्याआधी आई-वडिलांनी एक दिवस मोकळा काढून मुलीला हेरवाडला न्यावं. तिथल्या बायकांना ती काय विचारते, हे शेजारी बसून, मध्ये न बोलता ऐकावं.