पोहणं, सायकल, धावणं... शिवाय कॉलेज आणि परेड! वेळेचा तोल साधायचा कसा?



शिष्यवृत्तीचं वर्ष आलं की पहिली कुऱ्हाड खेळावर पडते. दहावीत तर विचारायलाच नको. "यंदा मैदान बंद!" असं मुलाला सरळ सांगितलं जातं. दुसरीकडे शाळा, क्लास, कराटे, अबॅकस असं सगळंच लावून दिलेली मुलं असतात. ती पहिल्या तासालाच पेंगतात. दोन्ही घरांतला प्रश्न एकच आहे : एका दिवसात किती गोष्टी मावतात? आज त्यासाठी थोडं दूरचं, अमेरिकेतलं उदाहरण पाहू.

तीन खेळांचा एक खेळ

ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल चालवणं आणि धावणं, मध्ये न थांबता एकामागून एक. ऑलिंपिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीत आला. तिथलं अंतर असतं १.५ किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणं. या खेळाचं सैन्याशी जुनं नातं आहे. 'आयर्नमॅन' ही लांब पल्ल्याची शर्यत १९७८ मध्ये हवाईत सुरू झाली. ती सुचवली अमेरिकी नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी यांनी. पहिल्या शर्यतीत १५ जण उतरले, १२ जणांनी ती पूर्ण केली.

कॉलेज आणि लष्कर एकत्र

अमेरिकेत लष्करी अधिकारी होण्याचे दोन मोठे मार्ग आहेत. एक वेस्ट पॉइंटसारखी अकादमी. १८०२ साली स्थापन झालेल्या या संस्थेत पदवीचा अभ्यास, लष्करी शिक्षण आणि खेळ हे सगळं एकाच छताखाली चालतं. आपल्या खडकवासल्याच्या एनडीएमध्येही पदवी आणि प्रशिक्षण असंच हातात हात घालून चालतं.

दुसरा मार्ग म्हणजे रिझर्व्ह ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर, थोडक्यात आरओटीसी. ही योजना १९१६ पासूनची. यातला विद्यार्थी साध्या कॉलेजात शिकतो आणि सोबत पहाटेची कवायत, लष्करी विषयाचे तास, सराव-शिबिरं करतो. वरवर पाहता हे आपल्या एनसीसीसारखं वाटेल. पण लष्कराची शिष्यवृत्ती घेऊन करारबद्ध झालेल्या विद्यार्थ्याला पदवीनंतर लष्करात सेवा करावीच लागते. म्हणजे पहाटे उठायचा कंटाळा आला म्हणून दांडी मारून चालत नाही. अशा विद्यार्थ्याने ट्रायथलॉनही करायचं ठरवलं तर?

चला, हिशोब मांडू

आठवड्याचे तास १६८. रोज ८ तास झोप धरली तर ५६ गेले. कॉलेजचे तास साधारण १५. वर्गातल्या दर तासामागे २ तास अभ्यास असा तिथला संकेत आहे, म्हणून आणखी ३०. लष्करी प्रशिक्षणाचे ८ तास धरू, ट्रायथलॉनच्या सरावाचे १०. बेरीज झाली ११९. उरले ४९, म्हणजे रोजचे ७ तास. जेवण, अंघोळ, जाणं-येणं, मित्र, सगळं त्यात बसतं.

मग अडतं कुठे? अडतं ते शरीरापाशी. पहाटे कवायतीत धावलेले पाय आणि संध्याकाळी सरावाला धावायचे पाय एकच असतात ना! पाठीवर वजन घेऊन लांब चालल्यावर लगेच जोरात धावायला गेलं तर दुखापत ओढवू शकते. म्हणून शहाणा विद्यार्थी तीन गोष्टी सांभाळतो.

१. न हलणाऱ्या गोष्टी आधी लिहायच्या. कवायत, तास, परीक्षा हे आपल्या हातात नसतं. सराव त्यांच्या भोवती बसवायचा.

२. एकच काम दोनदा करायचं नाही. पहाटे कवायतीत धावणं झालं तर तेच ट्रायथलॉनचं धावणं समजायचं. संध्याकाळी फक्त पोहायचं, म्हणजे पायांना आराम मिळतो.

३. सगळे आठवडे सारखे मानायचे नाहीत. परीक्षेच्या आठवड्यात सराव कमी करायचा, पण बंद नाही. शर्यत जवळ आली की अभ्यासाची मोठी कामं आधीच उरकायची.

आणि झोपेला हात लावायचा नाही. सराव करताना शरीर थकतं. ते भरून निघतं विश्रांतीत.

आपल्या मुलांसाठी यात काय?

तोल म्हणजे सगळ्यांना सारखा वाटा नव्हे. कोणत्या आठवड्यात कोणाला पुढे करायचं आणि कोणाला थोडं थांबवायचं, हे ठरवणं म्हणजे तोल. अकादमीत सगळा भार एकाच वेळापत्रकात दिसतो. आपल्याकडे मात्र शाळा गृहपाठ देते, क्लासवाले टेस्ट लावतात, खेळाचे सर जादा सराव ठेवतात. प्रत्येकाला वाटतं, मूल फक्त आपलंच! सगळ्यांची बेरीज करतं कोण? आरओटीसीचा विद्यार्थी १८-२० वर्षांचा असतो, तो स्वतः करेल. आठ-दहा वर्षांच्या लेकराची बेरीज आपणच करायला हवी.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप हवी, असं झोपेचे तज्ज्ञ डॉक्टर सांगतात. रात्री साडेदहाला झोपून पहाटे साडेपाचला उठणाऱ्या मुलाला सातच तास मिळतात. त्याला अभ्यासात आळशी म्हणण्याआधी ही वजाबाकी करून बघा.

वर्गात करून बघा : २४ चौकटींचा दिवस

चौथी-पाचवीच्या मुलांना चौकटीच्या वहीच्या पानावर २४ चौकटी आखायला सांगा. एक चौकट म्हणजे एक तास. आधी झोपेच्या चौकटी निळ्या रंगवायच्या, मग शाळेच्या पिवळ्या, क्लास-अभ्यासाच्या लाल, खेळाच्या हिरव्या. जेवण, अंघोळ, प्रवास यांच्या चौकटींवर रेघा मारायच्या. कोऱ्या उरतील त्या मुलाच्या स्वतःच्या. बेरीज-वजाबाकी, अपूर्णांक आणि परिसर अभ्यास एकाच उपक्रमात होतो.

पालकसभेत ही पानं पालकांच्या हाती द्या. हिरवी चौकट एकही नसेल, किंवा कोरी एकही उरली नसेल, तर कोणती लाल चौकट कमी करायची ते मुलाला शेजारी बसवून ठरवा. परीक्षा जवळ असेल तर दोन हिरव्या चौकटींची एक करा, पण ती एक पुसू नका. आणि निळ्या चौकटींवर दुसरा रंग चढवू नका.

आपल्या वर्गातल्या मुलांच्या किती चौकटी कोऱ्या निघाल्या, ते नक्की कळवा.