सम्यक व्यायाम : दुखापतीतून उठल्यावर ध्येय कसे ठरवावे?



गेल्या महिन्यात औरंगपुऱ्यात भाजी घेताना माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याची आई भेटली. तिचा मोठा मुलगा सेंट्रिंगच्या कामावर होता. परांचीवरून पडून त्याच्या मणक्याला आणि मांडीच्या हाडाला जबर मार बसला. सहा महिने तो अंथरुणावर होता. आता कुबडी घेऊन चालतो. आई म्हणाली, "बाई, पोरगं म्हणतंय, मी बी.ए. करतो अन् स्पर्धा परीक्षा देतो. पाव्हणे म्हणतात, जीव वाचला हेच लई झालं, आता त्याला गप घरी बसवा. तुम्हीच सांगा, काय करू?"

खरे सांगते, माझ्याही ओठावर पाव्हण्यांचेच उत्तर आले होते. "ताई, दोन दिवसांनी घरी येते, मग बोलू," असे म्हणून मी वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र माझी मलाच लाज वाटली. आमच्या घराण्यातील मी पहिली पदवीधर. मुलीला एवढे शिकवून काय करणार, असे माझ्या वडिलांनाही लोक विचारीत होते. त्यांनी ते ऐकले असते, तर आज मी फळ्यापुढे उभी नसते. मग त्या तरुणाने किती मोठे ध्येय धरावे, हे ठरविणारी मी कोण? त्या दोन दिवसांत जो विचार केला, तोच या पाठात मांडते.

दुसरा बाण

संयुत्त निकायात भगवान बुद्धांनी शल्याचा, म्हणजे बाणाचा दृष्टांत दिला आहे. माणसाला एक बाण लागतो, ती शरीराची वेदना. मग तो शोक करतो, ऊर बडवतो, खचून जातो. हा मनाला लागलेला दुसरा बाण. पहिला बाण ज्ञानी माणसालाही लागतो. दुसरा मात्र तो लागू देत नाही.

आपल्या घरांत हा दुसरा बाण कोण मारते? पुष्कळदा आपणच! "मागच्या जन्मीचे पाप फेडतोय," "नवस राहिला म्हणून असे झाले," हे शब्द धम्म स्वीकारल्यावरही आपल्या तोंडून निघतात. मागील जन्मीच्या कर्मावर या जन्मीचे दुःख ठरते, हा सिद्धांत बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारला आहे. धम्म आपल्याला कारण शोधायला शिकवितो. परांचीला कठडा नव्हता, कमरेला पट्टा नव्हता, म्हणून मुलगा पडला. कारण कळले की पुढचा मार्गही दिसतो. अंथरुणावरील तरुणाला दोषी ठरविले, तर तो ध्येय कशाच्या बळावर धरील?

मुष्टियोद्धा जलतरणपटू झाला

सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १ नोव्हेंबर १९४४ चा. ते भारतीय सैन्याच्या ई.एम.ई. दलात जवान होते आणि मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या आणि कायमचे अपंगत्व आले. मुष्टियुद्ध संपले. पुष्कळांनी तेथेच आयुष्यही संपले असे मानले असते.

पेटकर पोहू लागले. पोहणे हा प्रथम उपचाराचा भाग होता. पुढे तेच ध्येय झाले. १९६८ साली तेल अवीव येथील पॅरालिंपिकमध्ये त्यांनी टेबल टेनिसमध्ये भाग घेतला. १९७२ साली पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिकमधील भारताचे हे पहिले सुवर्णपदक. पुढे पोटासाठी त्यांनी पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी केली. भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली ती २०१८ साली, म्हणजे ४६ वर्षांनी!

यातून काय घ्यावे? पहिली गोष्ट, पेटकरांनी खेळ बदलला, उंची कमी केली नाही. जे गेले त्यावर ध्येय उभारता येत नाही. जे उरले त्यावर उभारता येते. दुसरी गोष्ट, युद्धापासून पदकापर्यंत सात वर्षे लागली. तिसरी गोष्ट, जगाची शाबासकी वेळेवर येईलच असे नाही. केवळ टाळ्यांसाठी धरलेले ध्येय ४६ वर्षे कसे टिकणार?

हे मैदान तरी कोठून आले? मज्जारज्जूला इजा झालेले रुग्ण पूर्वी फार काळ जगत नसत. पाठीला जखमा होत, लघवीच्या मार्गाला जंतुसंसर्ग होई आणि त्यातच ते दगावत. डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे अशा रुग्णांचा विभाग सुरू केला. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलण्याची शिस्त त्यांनी लावली आणि खेळ हाच उपचार केला. २९ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिक सुरू झाले, त्याच दिवशी त्यांनी १६ जखमी सैनिक स्त्री-पुरुषांची तिरंदाजीची स्पर्धा भरविली. त्यातूनच १९६० साली रोमचे पहिले पॅरालिंपिक उभे राहिले. म्हणजे कूस बदलणारा हात आधी होता, पदक पुढे आले. तो हात घरातील माणसाचाही असू शकतो.

वीणेची तार

आता दुसरी बाजू पाहू. सोण नावाचा एक भिक्खू होता. तो इतक्या निकराने चंक्रमण करी की चालून चालून त्याच्या पायांतून रक्त आले. तरीही ध्येय हाती येईना, तेव्हा तो निराश झाला. गृहस्थ असताना सोण वीणा वाजवीत असे. बुद्धांनी त्याला विचारले, तार फार ताणली तर वीणा नीट वाजते काय? फार सैल सोडली तर वाजते काय? दोन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असेच होते. प्रयत्नाचेही तसेच आहे.

नुकत्याच बऱ्या झालेल्या माणसाने हे विशेष ध्यानात ठेवावे. ध्येय मोठे असावे, पण रोजचे पाऊल आजच्या शरीराला झेपेल एवढेच असावे. आज अर्धा तास बसता येत असेल, तर अर्धा तासच वाचावे. पुढच्या आठवड्यात पाच मिनिटे वाढवावीत. वेदना वाढली तर डॉक्टरांना विचारावे. हट्टाने रेटू नये आणि एका वाईट दिवसामुळे वही मिटूनही ठेवू नये. यालाच मी सम्यक व्यायाम समजते.

घराने काय करावे?

ठरल्याप्रमाणे मी त्या ताईंच्या घरी गेले. मुलाला मी दोनच प्रश्न विचारले : पाच वर्षांनी कोठे असायचे आहे? आणि उद्या सकाळी काय करणार? पहिल्याचे उत्तर त्याच्याजवळ तयार होते, दुसऱ्याचे नव्हते. मग आम्ही सर्वांनी मिळून कागदावर लिहिले.

बारावी झालेली आहे, तेव्हा यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून घरी राहून बी.ए. करता येईल. अपंगत्वाची तपासणी करून दाखला काढावा. ते ४० टक्के किंवा अधिक भरले, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. ही भीक नव्हे, हक्क आहे. कामावर असताना अपघात झाला, म्हणून भरपाई मागण्याचाही त्याला कायद्याने अधिकार आहे. औरंगपुऱ्यातील ज्या अभ्यासिकेत त्याला बसायचे आहे ती तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. तेव्हा तूर्त घरातच खिडकीपाशी टेबल मांडावे आणि धाकट्या भावाने पुस्तके आणून द्यावीत, असे ठरले.

निघताना ताई म्हणाल्या, "बाई, होईल का हो तो अधिकारी?" मी म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही. पण उद्या सहा वाजता तो उठेल का, ते तुम्हाला उद्याच कळेल." परवा त्या पुन्हा भेटल्या. तो रोज उठतो आहे.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात आजारी माणसाला दुसरा बाण मारणारे कोणते शब्द बोलले जातात?
२. पेटकरांनी काय सोडले आणि काय सोडले नाही?
३. घरातील प्रत्येकाने आपले एक मोठे ध्येय आणि उद्या सकाळचे एक पाऊल लिहावे. मोठ्यांनीही लिहावे, मुलांनीही.