सर्व्हर हाती घेताना

सोमवारपासून सर्व्हर तुझ्याकडे. आयपी, पासवर्ड सगळं वहीत आहे. वहीत नाही तेवढं सांगतो.

जिल्ह्याच्या ऑफिसातून फोन येईल, ‘लॉगिन होतंय, पण फोल्डर दिसत नाही.’ लगेच रीस्टार्ट मारू नकोस. एफटीपीत बोलणं एका वाटेनं आणि माल दुसऱ्या वाटेनं जातो. २१ नंबरच्या पोर्टवर लॉगिन झालं म्हणजे पहिली वाट मोकळी आहे, एवढंच. पॅसिव्ह मोडमध्ये यादी आणि फाइल ज्या पोर्टवरून जातात तो सर्व्हर ऐन वेळी निवडतो. म्हणून कॉन्फिगमध्ये त्याला पट्टी आखून दे, समजा ५०००० ते ५०१००, आणि फायरवॉलमध्ये तेवढीच उघड. सर्व्हर राउटरच्या मागे असेल तर पॅसिव्ह पत्त्याच्या ओळीत बाहेरचा आयपी घाल. नाहीतर तो आपला १९२.१६८ वाला आतला पत्ता सांगत बसतो.

नवीन ऑफिस जोडायचं झालं तर मात्र एसएफटीपीच दे. साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, मधे बसलेल्या कुणालाही वाचता येतो. अभय भूषण यांनी १९७१ मध्ये एमआयटीत हा प्रोटोकॉल पहिल्यांदा लिहिला (आपल्या कानपूर आयआयटीचे हो ते!), तेव्हा नेटवर्कवर होतेच मोजके लोक. एसएफटीपी एकट्या २२ नंबरवर चालतं, पट्टीची भानगडच नाही. खोड एकच: युजरला ज्या फोल्डरात कोंडायचं त्याचा मालक रूट हवा आणि तिथे दुसऱ्या कुणाला लिहायची मुभा नको. नाहीतर पासवर्ड बरोबर असूनही कनेक्शन तुटतं. आत वेगळा ‘अपलोड’ फोल्डर करून तो युजरच्या नावावर कर. सगळीकडे ७७७ परवानगी ठोकून ‘झालं काम’ म्हणणारे भेटतील. त्यांना चहा पाज, रूटचा पासवर्ड देऊ नकोस.

रात्री छपाईची पानं यायला लागली की खरी परीक्षा. पीडीएफ अर्धीच चढलेली असते आणि स्क्रिप्ट तिला उचलून प्लेटला पाठवते. म्हणून सगळ्यांना बजाव: चढवताना नावाला ‘डॉट पार्ट’ अशी शेपटी लावा, पूर्ण चढली की नाव बदला. त्याच डिस्कवर नाव बदलणं एका झटक्यात होतं, अर्धवट राहत नाही. काही जण फाइलची साइज दोनदा बघून ठरवतात. लाइन मधेच अडकली की ते हमखास फसतात.

झिप उघडेना झाली तर आधी विचार, अ‍ॅस्की मोडमध्ये तर पाठवली नाही ना? डिस्कवर जागा दिसत असूनही फाइल चढेना, तर आयनोड संपलेत का बघ.

चार ऑफिसांना मिळून एक खातं कधी देऊ नकोस, लॉगमध्ये कोण ते कळत नाही. ‘गेस्ट’ नावाचं एक खातं अजून चालू आहे, कुणाचं ते इथे कुणालाच ठाऊक नाही. उडवू नकोस, नुसतं लॉक कर. ज्याचा ओरडत फोन येईल, त्याचं ते.